न विचारलेलं नाव

आमच्या धंद्यात नियम दोनच. नाव विचारल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायचं नाही. दोन्ही मला आईने शिकवले आणि तिला तिच्या आईने. मोठ्या चर्चसमोर पिवळा झंपर आणि लाल घागरा घालून आम्ही मेणबत्त्या विकतो, पण नुसत्या विकत नाही. गिऱ्हाईक नाव सांगतं. कुणाचं दुखणं असतं, कुणाची परीक्षा, कुणाचा नवरा परदेशात. मग आम्ही ती मेणबत्ती उंच धरायची, बाळ येशूकडे तोंड करायचं आणि त्या नावासाठी नाचायचं. दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे. सगळ्या सेबू शहराला हा नाच येतो, पण ज्याला लाज वाटते, वेळ नसतो किंवा ज्याचे गुडघे धरलेले असतात, तो आमच्याकडे येतो. पाय आमचे, नवस त्याचा.

"दर शुक्रवारी तीच बाई आली तरी दर शुक्रवारी विचारायचं," आई म्हणायची. "काल रात्री तिच्या घरात काय झालं ते तुला काय ठाऊक? मेलेल्याच्या तब्येतीसाठी नाचत बसशील, बये."

"आणि स्वतःचं नाव का नाही घ्यायचं?"

"स्वतःसाठी नाचणारीचे पाय खोटे पडतात. लोकांचे नवस मग लागत नाहीत."

माझे पाय खोटे आहेत असं सबंध आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं. जीभ खोटी नाही, पण तिखट आहे, हे मात्र सगळे म्हणतात आणि ते खरं आहे.

फेलिसा दर शुक्रवारी यायची. पासिलच्या मासळीबाजारात तिचा सुक्या मासळीचा गाळा आहे. तिचा मुलगा रोवेल मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याची निनांग, म्हणजे धर्माची आई, मी झाले होते. फादरसमोर त्याला हातांत धरून मीच शब्द दिला होता की या लेकराची काळजी मी वाहीन. तेव्हापासून फेलिसा मला 'मारे' म्हणते आणि मी तिला 'मारे' म्हणते. एका लेकराच्या दोन आया एकमेकींना तसंच म्हणतात. ती यायची, निळी मेणबत्ती घ्यायची, कारण आमच्यात निळी प्रवासाची. मी विचारायची, "नाव काय?" आणि ती हसायची. "अगं, तूच ठेवलंस की ते!" मग सांगायची, रोवेल.

हे असं चांगलं चाललं होतं. ऑक्टोबरात बिनसलं.

माझी एकुलती एक लेक जुवेलिन. सिनुलोग म्हणजे जानेवारीतला बाळ येशूचा सण; त्यातल्या आमच्या वस्तीच्या ताफ्यात ती सगळ्यांच्या पुढे नाचायची, बाळ येशूची मूर्ती डोक्यावर उंच धरून. ऑक्टोबरात तालमी सुरू झाल्या आणि ही जाईना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने पोटावर हात ठेवला. रोवेलचं. तो सिनुलोगला येणार आणि लग्न करणार, असं फोनवर म्हणालाय म्हणे. आता, समुद्रावरच्या माणसांनी दिलेली सिनुलोगची वचनं मी रोज ऐकते. त्यांच्या बायका येतात माझ्याकडे, आणि वर्षानुवर्षं येतच राहतात. मी जुवीच्या थोबाडीत मारली. एकच मारली, पण लागायची तिथे लागली. तिने पिशवीत कपडे कोंबले आणि गेली. गेली कुठे, तर फेलिसाकडे.

हे मला असं झोंबलं की विचारू नका. पोराने माझ्या पोरीचं वाटोळं केलं आणि वर आईने तिला घरात घेऊन पुण्य कमावलं. वाईट ठरले कोण, तर मी.

"मारे, पोरगी माझ्याकडे सुखात आहे," फेलिसा पुढच्याच शुक्रवारी म्हणाली. "तू राग सोड. आता आपण विहिणी होणार."

"विहीण कसली? आधी जावई दाखव."

"येईल गं. सिनुलोगला येतो म्हणालाय."

"कुठल्या सालच्या?"

कारिंग, माझ्या शेजारी मेणबत्त्या लावते ती, फिसकन हसली. फेलिसा हसली नाही. तिने निळी मेणबत्ती घेतली, नाव सांगितलं, आणि मी नाचले. ओठ आवळून का होईना, नाव मात्र घ्यायची. रागावर धंदा चालत नाही.

सिनुलोगच्या आधीचा शुक्रवार म्हणजे आमची सुगी. चर्चचं आवार माणसांनी भरलेलं, रस्त्यात ढोल बडवत ताफ्यांच्या तालमी चाललेल्या, खेड्यापाड्यांतून आलेले लोक छातीशी बाळ येशूच्या मूर्ती धरून उभे. माझे पाय सकाळपासून भरून आले होते. त्यातून आमच्या वस्तीचा ताफा समोरून गेला. पुढे जुवीच्या जागी दुसरीच कुणी पोरगी, मूर्ती पाण्याची कळशी धरावी तशी धरलेली. ते बघून माझं डोकं फिरलं.

आणि नेमकी तेव्हाच फेलिसा आली.

पायात घरातल्या रबरी चपला, केस न विंचरलेले. तिच्या आधी नेहमी तिचा सुक्या मासळीचा वास यायचा, तो त्या दिवशी आला नाही. म्हणजे बाई गाळा न उघडता आली होती. हे मला दिसलं. दिसलं आणि मी ते बाजूला सारलं. तिचा हात निळ्या मेणबत्त्यांवरून पुढे गेला आणि पांढरीवर थांबला. मला वाटलं, बाईचं लक्ष ठिकाणावर नाही.

"मारे," ती म्हणाली, "आज मनापासून नाच हं. आज नाव..."

"ठाऊक आहे."

ती थबकली. "तुला ठाऊक आहे?"

"न ठाऊक असायला काय झालं?"

"कुणी सांगितलं?"

"मला काय कुणी सांगायला हवं? हो बाजूला. मागे रांग लागलीय."

तिचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, घ्या, नाटक सुरू. तिने माझ्या दंडाला हात लावला, "देव तुझं भलं करो, सेपा," म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली.

मी मेणबत्ती उचलली आणि नाचले. दोन पावलं पुढे, एक मागे. ओठ हलवले, पण नाव घेतलं नाही. मुद्दाम घेतलं नाही. माझ्या पोरीला समुद्रावरून नादी लावणाऱ्या त्या पोरासाठी देवाकडे मी का मागू? मागू दे त्याला त्याचं तो. डोक्यात मी घरचा बाजार करत होते. मीठ संपलंय, साबण आणायचाय, छपराच्या पत्र्याला खिळा हवा. नाच झाला. मी मेणबत्ती तिच्या हातात दिली आणि पुढच्या बाईला विचारलं, "नाव काय?"

फेलिसा जवळजवळ पळतच गेली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला अगदी बरं वाटत होतं.

शनिवारी पहाटे बाळ येशू समुद्रातून येतो. शेकडो बोटी, झेंडे, फुलं, धक्क्यावर उभे राहून हात हलवणारे लोक. ते बघून मी आणि कारिंग चर्चकडे परतलो आणि रस्त्यात पुसो घेतले. नारळाच्या पातीत शिजवलेला तो भात सोलता सोलता कारिंगने फोनवर बातम्या लावल्या.

"मानांग, तुझ्या त्या फेलिसाचा मुलगा कुठल्या बोटीवर गं?" मानांग म्हणजे थोरली बहीण; मेणबत्तीवाल्या सगळ्या मला तसंच म्हणतात.

मी नाव सांगितलं. तिने आवाज मोठा केला. सुरिगावच्या बाहेर लाटांत एका मालवाहू बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. शुक्रवारी दुपारपासून तिचा संपर्क नव्हता. बोट तीच होती.

शुक्रवारी दुपारपासून. माझ्या हातातला भात पातीतच राहिला.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," असं आपण दुसऱ्यांना सांगतो. मीही हजार जणींना सांगितलंय. "तुमचं काही चुकलं नाही, वादळ काय तुम्हाला विचारून येतं?" पण फांदीवर आपणच बसलो असलो की ते पटत नाही. वीस-बावीस वर्षं दर शुक्रवारी त्या पोराचं नाव त्याच्या आईने आणि मी मिळून वर पोचवलं. शाळेत होता तेव्हा परीक्षेसाठी, मग बोटीसाठी. एकाच शुक्रवारी मी ते गिळलं, आणि त्याच शुक्रवारी समुद्राने त्याला धरलं. फादरसमोर त्याला हातांत घेतलं होतं तेव्हा तो इतका लहान होता की माझ्या पिवळ्या झंपराची बाही त्याला पांघरूण म्हणून पुरली होती. ती बाही मला सारखी आठवायला लागली.

मी निळ्या मेणबत्त्यांचा जुडगा उचलला आणि नाचायला लागले. गिऱ्हाईक नाही, काही नाही. "रोवेल, रोवेल, रोवेल."

"मानांग, हा कोण रोवेल?" पलीकडून एकजण ओरडली. "म्हातारपणी कुणी गाठलास की काय?"

"गप गं, नवीनच दिसतोय," दुसरी म्हणाली. "जुन्यासाठी कुणी एवढं नाचतं?"

एरवी मी असं उत्तर दिलं असतं की दोघी संध्याकाळपर्यंत तोंड लपवून बसल्या असत्या. त्या दिवशी नाही दिलं. आमच्यात नाव विचारून नाचतात. हे नाव मला कुणी आज सांगितलं नव्हतं, हे कालचं उसनं होतं, आणि ते लागेल की नाही या भीतीने मी नाचत होते. संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा कारिंगने मला धरून खाली बसवलं.

"फेलिसाकडे जा," ती म्हणाली.

"काय सांगू तिला?"

"काही सांगू नकोस. जाऊन बस नुसती."

मी गेले नाही. घाबरले. फेलिसाने मला विचारलं असतं, "मारे, तू नाचलीस ना?" तर मी काय सांगितलं असतं? आणि त्या घरात माझी पोर होती, त्याच पोराचं पोटात घेऊन. दोघींच्या समोर कुठल्या तोंडाने उभी राहू? मी घरी गेले आणि दार लावून घेतलं. म्हणजे सलग दुसऱ्या दिवशी मी जे करायला हवं होतं ते केलं नाही.

रविवार उजाडला आणि सगळं सेबू रस्त्यावर आलं. ढोलांचा आवाज असा की छातीतलं काळीज आपलं की त्यांचं ते कळू नये. "पित सेन्योर!" एका टोकाकडून बाळ येशूच्या नावाने ही आरोळी उठायची आणि दुसऱ्या टोकापर्यंत जायची. मी माझ्या जागेवर होते, समोर मेणबत्त्या होत्या, पण हात उचलत नव्हता. एका म्हाताऱ्याने नातीचं नाव सांगितलं ते मला दोनदा विचारावं लागलं.

"निनांग."

मी वर बघितलं. रोवेल उभा होता. दाढी वाढलेली, शर्टावर तेलाचे डाग, डोळे लाल. त्याने वाकून माझा हात आपल्या कपाळाला लावला, लहानपणी लावायचा तसा. मी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याला घट्ट धरलं. रडत होते की हसत होते, मला सांगता येत नाही. तिथल्या तिथे मी बाळ येशूला म्हटलं, सुटले. देवा, मला सोडलंस.

"कसा आलास? बोट?"

"ओढून आणली दुसऱ्या बोटीने. सुरिगावला उतरलो, आईचा फोन लागला आणि तसाच निघालो. निनांग, चला ना लवकर. जुवी तुमची वाट बघतेय."

"कुठे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "हॉस्पिटलमध्ये."

"कधीपासून? का?"

"शुक्रवारी सकाळपासून. आई म्हणाली, तुम्हाला माहीत आहे." त्याचा आवाज घसरला. "तिला खूप रक्त जायला लागलं म्हणून नेलं. आईने विचारलं, तुझ्या नानायला, तुझ्या आईला बोलावू का? तर जुवी म्हणाली, बोलावू नका, तिला राग आहे. नुसतं माझं नाव सांगा आणि तिला नाचायला सांगा. म्हणून आई धावत तुमच्याकडे आली. तिने नाव घ्यायच्या आधीच तुम्ही म्हणालात ना, ठाऊक आहे म्हणून?"

पांढरी मेणबत्ती. आमच्यात पांढरी बाळंतिणीची. माझ्याच फळीवरून तिने ती उचलली होती, माझ्या डोळ्यांदेखत.

"म्हणाले होते," मी म्हटलं.

मी मेणबत्त्या तशाच टाकल्या. कारिंग मागून काहीतरी ओरडली. हॉस्पिटल रस्त्याच्या पलीकडे, फार लांब नाही, पण मध्ये मिरवणूक होती आणि मिरवणूक ओलांडता येत नाही. दोरखंड, पोलीस, आणि आत एकामागून एक ताफे. रोवेलने मला हाताला धरून एका ताफ्याच्या कडेने आत घातलं, तर त्या पोरींच्या बरोबरीनेच पुढे जावं लागलं. त्या दोन पावलं पुढे जात होत्या आणि एक मागे येत होत्या, आणि त्यांच्या मध्ये अडकलेली मी, मलाही तसंच. लोक माझा लाल घागरा बघून टाळ्या वाजवायला लागले. "आजी, नाचा!" मी धावायला निघाले होते आणि सगळं शहर मला नाचवत होतं. प्रत्येक मागच्या पावलाला मला वाटत होतं, हे घे, हे शुक्रवारचं.

हॉस्पिटलच्या बाकावर फेलिसा बसली होती. मांडीवर न सोललेला पुसो. मला बघून ती उठली आणि तिने मला मिठी मारली. म्हणाली, "आलीस. मी म्हटलंच होतं तिला, मिरवणूक संपली की येईल."

"मारे, आधी ऐक. शुक्रवारी मला काही ठाऊक नव्हतं."

"म्हणजे?"

"मला वाटलं, तू रोवेलचं नाव सांगतेयस. म्हणून मी तुला बोलूच दिलं नाही. आणि त्याचंही घेतलं नाही. रागात होते. कुणाचंच नाव घेतलं नाही मी. नुसती नाचले."

फेलिसाने मिठी सोडली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता मला मारणार, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"मी डोळे मिटून उभी होते," ती हळू म्हणाली. "मला वाटलं, मनातल्या मनात म्हणतेयस. आई आहे, मोठ्याने कसं म्हणवेल? जुवीला जाऊन मी तेच सांगितलं. म्हटलं, तुझी आई सगळं जाणते गं. तुझ्यासाठी नाचली."

"मग?"

"मग काय? हसली. पहिल्यांदा. आत नेईपर्यंत माझा हात धरून म्हणत होती, नानाय नाचलीय, आता मला भीती नाही." फेलिसा बाकावर बसली. "मूल जगलंय. सातव्या महिन्याचं आहे. काचेच्या पेटीत ठेवलंय, डॉक्टर काही बोलत नाहीत. सेपा, तिला हे सांगू नकोस. तुझ्या पाया पडून सांगते. पोर त्याच एका गोष्टीवर उभी आहे."

मी मान हलवली. मनापासून हलवली. म्हटलं, हीच माझी शिक्षा. गप्प बसायचं.

जुवी खाटेवर पडली होती, ओठ पांढरे. रोवेल तिच्या पायाशी बसला होता. खिडकी उघडी होती आणि खालचे ढोल आत येत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. ज्या गालावर मी मारली होती तो गाल माझ्या बाजूला होता.

"नानाय, पाय दुखतात ना? बस."

मी बसले.

"मुलगी आहे. एवढीशी." तिने वीतभर अंतर दाखवलं. "काल सकाळी ती निळी पडायला लागली तेव्हा नर्स म्हणाली, बाप्तिस्म्याचं पाणी घालून घ्या, फादर यायची वाट बघू नका. फेलिसा मावशीने पाणी घातलं. नाव विचारलं तर मी सांगितलं, होसेफा. तुझं."

मी तिचा हात धरला.

"तू नाचलीस म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझं नाव असलं तर ती तग धरेल. तुझ्यासारखी चिवट." आणि हसली.

फेलिसा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मला दिसलं. पण आता ते माझ्याच्याने गिळवेना. शिक्षा म्हणून मी गप्प बसले असते, बक्षीस म्हणून कशी बसू? एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर माझं खोटं ओतलं गेलं होतं आणि ती ते पेलत त्या काचेत पडली होती.

"जुवी, मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

मी सगळं सांगितलं. मीठ, साबण, खिळ्यापर्यंत सगळं. तिने हात काढून घेतला नाही, पण तो माझ्या हातात ढिला पडला. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. रोवेल जमिनीकडे बघत होता. खालून कुठला तरी ताफा ओरडत गेला, "पित सेन्योर!"

"माफ कर, असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "तुला हवं तर नाव बदल पोरीचं. फेलिसाचं ठेव. ते खरं आहे."



"पाणी घालून झालंय, नानाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "आता बदलत नाही ते."

"हो."

"मग इथे काय बसलीयस? जा. तिच्यासाठी नाच."

काचेच्या पेट्या कोपऱ्यातल्या खोलीत होत्या. बाहेरून मोठ्या काचेतून बघायचं. नर्सने बोट दाखवलं ती तिसरी. आत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, माझ्या तळहातापेक्षा थोडं मोठं, आणि त्याची छाती हलत होती. थांबायची, मग परत हलायची. माझ्या हातात मेणबत्ती नव्हती. फेलिसा मागून येऊन उभी राहिली. ती माझ्यावर रागावली होती, तिच्या श्वासावरून कळत होतं, पण आली होती.

मी पाय उचलायला गेले आणि थांबले.

"मारे," मी विचारलं, "नाव काय?"

दर शुक्रवारी या प्रश्नाला ती हसायची. या वेळी हसली नाही.

"होसेफा," ती म्हणाली.

स्वतःसाठी नाचणारीचे पाय खोटे पडतात, आई म्हणायची. मी काचेकडे तोंड केलं. दोन पावलं पुढे टाकली, काच आडवी आली, एक पाऊल मागे आले. होसेफा. जन्मात माझ्या तोंडून कधी न निघालेलं ते नाव मी मोठ्याने घेतलं. पुन्हा घेतलं. हे मी तिच्यासाठी मागतेय, माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी, असं मी प्रत्येक पावलाला वर सांगत होते. आणि दर वेळी तोंडातून निघत होतं ते माझंच नाव.